जावयाशी भांडता येईल

आमचा भाषावर्ग गाद्यांच्या दुकानाच्या वर भरतो. खाली लोक आडवे होऊन गादी तपासतात, वर लोक उभे राहून क्रियापदं म्हणतात. चेहरे दोन्हीकडे सारखेच असतात. हे आपल्याला जन्मभर पुरेल का, अशा काळजीचे.

बाहेरून या शहरात राहायला आलेल्यांना इथली भाषा शिकवणं हे माझं काम. माझी पद्धत सरळ होती. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायचं आणि शेवटच्या पानाकडे चालत राहायचं. शेवटच्या पानावर काय आहे हे मात्र मला माहीत नव्हतं, कारण तिथे आजवर कुणीच पोचलं नव्हतं. मध्येच कुठेतरी प्राणिसंग्रहालयाचा धडा लागायचा, त्यात एक जिराफ होता, आणि त्या जिराफापाशी सत्र संपायचं. माझे माजी विद्यार्थी शहरभर पसरलेले आहेत. त्यांना बसचं तिकीट मागता येत नाही, पण जिराफाच्या मानेविषयी ते कुणाशीही बोलू शकतात.

मग आमच्या प्रमुख बाई कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथून येताना लोक पिशवी आणतात, पेन आणतात. बाईंनी विचार आणला.

बाईंचं म्हणणं असं, की अभ्यासक्रम शेवटाकडून आखायचा. आधी ठरवायचं, हा माणूस इथून बाहेर पडेल तेव्हा त्याला काय करता आलं पाहिजे. मग ठरवायचं, त्याला ते येतं हे आपल्याला कशावरून कळणार. आणि हे दोन्ही पक्कं झालं की मग, सगळ्यात शेवटी, शिकवायचं काय. मी आजवर यातला फक्त शेवटचा भाग करत आलो होतो, आणि तोही जिराफापर्यंत.

सत्राअखेर माणसाला जे करता यायला हवं, त्याला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. नाव ऐकून मला वाटलं होतं हा एखादा त्वचारोग असावा. बाईंनी मला माझ्या वर्गाच्या निष्पत्ती लिहून आणायला सांगितल्या. मी रात्री बसून, शब्द जुळवून, ‘भाषेची गोडी लागेल’ आणि ‘भाषेचं सौंदर्य समजेल’ अशी दोन वाक्यं नेली. बाईंनी ती वाचली आणि शांतपणे विचारलं, गोडी लागली हे मला दिसणार कुठून? रक्त तपासायचं का?

त्या दिवसापासून ‘समजेल’ या शब्दाला आमच्याकडे बंदी आली. ‘कळेल’ आणि ‘जाणवेल’ त्याच दिवशी गेले. उरले फक्त डोळ्यांनी दिसणारे आणि कानांनी ऐकू येणारे शब्द. सांगेल, विचारेल, मागेल, नाही म्हणेल. आणि विद्यार्थ्याला काय करता यायला हवं हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, त्यालाच विचारायचं, असा बाईंचा दुसरा हुकूम.

मी विचारलं. बेकरीवाल्या ताई म्हणाल्या, फोनवर केकची ऑर्डर घेता आली पाहिजे, दर वेळी नवऱ्याच्या हातात फोन द्यायला लागतो आणि तो मिजास करतो. एका वॉर्डबॉयला पेशंटला कुठे दुखतंय ते विचारायचं होतं, कारण न विचारता पेशंट दाखवत सुटतात. सगळं नीट चाललं होतं. मग किल्लीकाकांची पाळी आली.

किल्लीकाका म्हणजे आमच्या वर्गातले सगळ्यात ज्येष्ठ. जाड मिशा, त्याहून जाड चष्मा. स्वतःच्या देशात जन्मभर किल्ल्या बनवल्या. म्हातारपणी मुलीने इकडे बोलावून घेतलं तेव्हा कपडे थोडे आणि किल्ल्या कापायचं मशीन संपूर्ण घेऊन आले. ते आता मुलीच्या घरी गॅलरीत असतं. सुरू केलं की एखाद्याचा दात काढताहेत असा आवाज येतो म्हणे.

मी विचारलं, काका, सत्र संपेल तेव्हा तुम्हाला काय करता आलं पाहिजे?

काका म्हणाले, “जावई. भांडण. मी.”

मला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी कोपऱ्यातल्या कोट टांगायच्या स्टँडसमोर उभं राहून प्रात्यक्षिक दिलं. स्वतःच्या भाषेत, तोंडाला फेस येईपर्यंत. शेवटी शेवटी त्यांचं बोट स्टँडला लटकलेल्या छत्रीवर रोखलेलं होतं. छत्री वॉर्डबॉयची होती. ती आपली नसल्यासारखा तो खिडकीबाहेर बघत राहिला.

बाकीचं बेकरीवाल्या ताईंनी सांगितलं. त्या काकांच्याच देशातल्या, त्यांची भाषा त्यांना येते. काकांच्या घरात सासरा आणि जावई यांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही. सगळं बोलणं मधे मुलगी करते. मुलगी व्यवसायानेच दुभाषी आहे, मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये उभी असते, आणि तिचं नाव आहे. आता तिने निरोप आणला होता की जावयाला मशीनचा आवाज सहन होत नाही, महिनाअखेरीला एक माणूस येऊन ते घेऊन जाईल. काकांनी उलट निरोप पाठवला. तो चांगला लांबलचक होता, त्यात जावयाच्या मागच्या दोन पिढ्यांचा उल्लेख होता. मुलीने तो चहा विचारावा तशा सुरात तीन शब्दांत पोचवला आणि येऊन सांगितलं, तो ऐकत नाही बाबा.

तेव्हापासून काकांच्या मनात बसलं होतं, की आपला निरोप वाटेत थंड होतो. तो आपणच गरम गरम नेला पाहिजे.

ताई म्हणाल्या, मी येते घरी, मी सांगते तुमच्या वतीने. काकांनी मान हलवली. मधलं माणूसच तर नको होतं.

मी हे सगळं बाईंपुढे ठेवलं. मला वाटलं होतं, त्या मला जिराफाकडे परत पाठवतील. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचार केला.

“भांडेल,” त्या म्हणाल्या. “दिसतं. ऐकूही येतं. तुमच्या गोडीपेक्षा कितीतरी चांगलं आहे.”

पण एवढ्याने भागणार नव्हतं. कुठे भांडेल, कशावरून, किती नीट, हेही लिहायला हवं होतं. आम्ही दोघं त्या एका वाक्यापाशी दुपार घालवून बसलो. ‘रागाने’ हा शब्द मी घातला, बाईंनी काढला, कारण राग मोजता येत नाही. शेवटी जे तयार झालं ते असं: ‘स्वयंपाकघरात, समोरच्याने मध्ये तोडलं तरी मुद्दा न सोडता, मशीन ठेवण्याविषयी जावयाशी भांडता येईल.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. माणसाने घर बांधून पूर्ण झाल्यावर त्याच्याकडे बघावं तसं.

मग तिथून मागे मागे यायचं. असं भांडता यायला आधी काय यायला हवं? हक्क सांगता यायला हवा. कारण देता यायला हवं. समोरचा मध्ये बोलला तर त्याला थांबवता यायला हवं आणि सुटलेला धागा पुन्हा पकडता यायला हवा. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘हे माझं आहे’. मग ‘राहू दे’, ‘जाणार नाही’. मग ‘कारण’. मग तळहात वर करून ‘मला मध्ये तोडू नका’. पुस्तकातला फळांचा धडा गेला. ऋतूंचा गेला. जिराफ गेला तेव्हा मला थोडं भरून आलं.

सरावाला जावई हवा होता. वॉर्डबॉयला उभं केलं, पण तो फार सालस निघाला. काकांनी पहिलं वाक्य टाकताच तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आणि जाऊन बसला. मग बेकरीवाल्या ताई उठल्या. ताईंनी जो जावई केला, तो बघून खालचा गाद्यावाला वर आला आणि काही झालंय का म्हणून विचारून गेला. ताई कमरेवर हात ठेवत, गॅलरी कुणाच्या पैशाची म्हणून विचारत, आवाजाने माझं डोकं फुटतं म्हणून कपाळ धरत. सगळं मी लिहून दिलेलं, पण त्यात त्या जीव ओतत. काका पहिल्यांदा गडबडले, मग सावरले, मग तर ताईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला उत्तर देऊ लागले. आवाजाला गुण नव्हते. मुद्द्यावर परत येण्याला होते, आणि काका प्रत्येक वेळी परत येत होते, गुळावर येणाऱ्या माशीसारखे.

एवढं होईतो सगळ्या वर्गाला त्या जावयाची उत्सुकता लागली होती. तो दिसतो कसा? खातो काय? वॉर्डबॉयच्या डोक्यात सहा फुटी माणूस होता. ताईंच्या मते बुटका, बुटकेच जास्त आरडतात. बाईसुद्धा एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाल्या की अभ्यासक्रमाशी संबंध नाही, पण मिशा आहेत का हो त्याला?

परीक्षा खऱ्या ठिकाणी, खऱ्या माणसापुढे घ्यायची, हेही बाई प्रशिक्षणातूनच शिकून आल्या होत्या. म्हणून मशीन जाण्याच्या आधीच्या रविवारी मी पुट्ठ्यावर कागद लावून काकांच्या घरी गेलो. काकांनी घरात ‘मास्तर चहाला येणार’ असं सांगून ठेवलं होतं. मुलगी ड्यूटीवर होती. मला बाईंची ताकीद होती की परीक्षकाने तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं आणि खुणा करायच्या.

दार जावयाने उघडलं. मध्यम उंची, मिशा नाहीत. पायात घरातल्या सपाता, हातात चहाचा ट्रे. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो म्हणाला, आणि इतकं हळू म्हणाला की मी दोनदा ‘काय?’ म्हणालो. साखर किती, हे त्याने मला विचारलं, काकांना विचारलं नाही. काकांच्या कपात आधीच बरोबर घातलेली होती.

स्वयंपाकघरातून गॅलरी दिसत होती. मशीन तिथे एका फळीवर, पुसून लख्ख. खाली नवेकोरे रबराचे ठोकळे बसवलेले होते, आवाज कमी व्हावा म्हणून बसवतात तसे. काकांकडे रबर कुठून आलं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण मी परीक्षक होतो, विचार करायला नेमलेला नव्हतो.

काका उभे राहिले. चष्मा सारखा केला.

“जावईबापू, मशीन जाणार नाही.”

जावयाच्या हातातला चमचा बशीत पडला. दोन वर्षांत सासऱ्याने त्याला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. त्याने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

आणि मग त्याचा चेहरा उजळला. हे आमच्या आखणीत कुठेच नव्हतं. तो खुर्ची सरकवून उठला आणि भडाभडा बोलायला लागला. म्हणाला, बाबा, तुम्ही बोलायला लागलात, किती बरं वाटलं. म्हणाला, मशीन जावं असं मला कधीच वाटलं नाही, मला तर तुम्हीच कंटाळलात असं कळलं होतं, हात दुखतो म्हणून तुम्हाला ते नको झालंय, पण स्वतः बोलायला लाज वाटते. ते रबर मी बसवलं. रविवारी तुमचं मशीन लागलं की मला बरं वाटतं, घरात माणसं आहेत असं वाटतं. राहू दे ते मशीन. एकदा मला शिकवाल का, हे किती दिवस विचारायचं होतं.

मी हे सगळं ऐकलं, आणि काकांकडे बघितलं. काकांना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

आम्ही काकांना बोलायला शिकवलं होतं. ऐकायला शिकवायचं राहिलंच. त्या सुंदर वाक्यातला समोरचा माणूस मध्ये तोडणार होता, पण तो काही म्हणेल आणि ते कळावं लागेल, हे बाईंना सुचलं नाही, मलाही नाही. वर्गात ताईंचा जावई काय म्हणणार ते काकांना पाठ होतं. हा जावई पाठाबाहेरचा निघाला.

आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

काकांना जे शिकवलं होतं ते त्यांनी केलं. समोरचा बोलतोय, म्हणजे विरोध करतोय. तळहात वर गेला. मला मध्ये तोडू नका. मशीन माझं आहे. कारण मी माझ्या हातांनी काम करतो. जावई म्हणाला, अहो बाबा, मी तेच म्हणतोय. काका म्हणाले, जाणार नाही. जावई म्हणाला, नाहीच जाणार. काकांनी टेबलावर हात आपटला. जावयानेही आनंदाने आपटला. इतकं कडाक्याचं एकमत मी आयुष्यात बघितलं नव्हतं. काकांना मी प्रत्येक रकान्यात पूर्ण गुण दिले आणि मला रडू येईल की हसू, याची वाट बघत बसलो.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मुलगी लवकर सुटली होती. ती आत आली, दोघांना उभं बघितलं, मला पुट्ठ्यासकट बघितलं, आणि पर्स न काढता तिथेच थांबली. दोघंही एकदम तिच्याकडे वळले. सवयीने. जावयाने पुन्हा सगळं सांगितलं, रबरापासून शिकवण्यापर्यंत, अगदी पोटतिडकीने. मुलीने ते ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवत वडिलांना त्यांच्या भाषेत चार शब्द सांगितले.

काकांनी आधी जावयाकडे बघितलं. मग तिला म्हणाले, आणि आमच्या भाषेत म्हणाले:

“तो ‘राहू दे’ म्हणाला. ते माझं वाक्य आहे. मी शिकलोय. तू मला काय सांगितलंस?”

मुलीने वडिलांना त्यांच्याच भाषेत काहीतरी उत्तर द्यायला सुरुवात केली. काकांचा तळहात वर गेला. या खुणेला मी वर्गात चांगले गुण द्यायचो.

“या भाषेत,” काका म्हणाले. “त्याला पण ऐकू दे.”

ती खुर्चीवर बसली. पर्स अजून खांद्यालाच. तिने टेबलावरचे कप बाजूला सारले, आणि मग जे बोलली ते भराभर. काकांनी थांबवलं. हळू, परत. ती परत बोलली. पुन्हा अर्धं निसटलं. हळू, परत. राग हळू बोलता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या वेळेला तिच्या बोलण्यात राग उरला नव्हता, नुसतं म्हणणं उरलं होतं.

“दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेते. घरी आले की तुम्ही दोघं. मीठ दे, हेसुद्धा माझ्यातून जातं. मला ती गॅलरी हवी होती. एक खुर्ची. कुणी काही बोलणार नाही अशी जागा.”

जावई म्हणाला, मग मला सांगायचं ना.

“सांगणार कुणाला? तुमचं दोघांचं मी सांगते. माझं कोण सांगणार?”

मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आम्ही काकांना विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय. वर्गातल्या प्रत्येकाला विचारलं होतं. हिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ती तर सगळं बोलतच असते.

काकांनी गॅलरीकडे बघितलं. मशीनकडे. मग म्हणाले, मशीन जाईल.

जावई म्हणाला, नाही, राहू दे.

काका म्हणाले, जाईल, मशीन माझं आहे. जावई म्हणाला, पण फळी मी बसवलीय. काका म्हणाले, मला मध्ये तोडू नका. आणि पाहता पाहता त्यांचं खरोखरीचं भांडण जुंपलं, कारण आता खरंच दोघांचं म्हणणं वेगळं होतं. एकाने एक शब्द ओळखायचा, दुसऱ्याने हात करून दाखवायचा, पहिल्याने पुन्हा मुद्द्यावर यायचं. चांगलं रंगलं. गडबडीत मुलगी उठली, गॅलरीत गेली, मशीनशेजारच्या काकांच्या स्टुलावर बसली आणि तिने मागून दार लावून घेतलं. तिला कुणी हाक मारली नाही. मी कागदावर त्यासाठी रकाना शोधला, नव्हता.

मशीन आता त्यांच्या जिन्याखाली आहे, जावयाच्या हत्यारांच्या शेजारी. दोघांनी मिळून उतरवलं. वाटेत प्रत्येक पायरीवर एकजण ‘राहू दे’ म्हणायचा आणि दुसरा उचलायचा.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मिशांचं विचारलं. मग त्यांनी ते वाक्य काढलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या अक्षरावर लाल पेन चालवताना बघितलं. ‘भांडता येईल’च्या पुढचा पूर्णविराम त्यांनी खोडला आणि नुसती जागा सोडली. ऐकणं राहिलं आपलं, म्हणाल्या.

पुढच्या सत्रासाठी मी किल्लीकाकांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, जावई जेवताना काहीतरी सांगतो, मग स्वतःच हसतो, लाल होईपर्यंत. आजवर मुलगी सांगायची की विशेष काही नाही. आता तिने हात वर केलेत, तुमचं तुम्ही बघा म्हणते, आणि ताट घेऊन गॅलरीत बसते. तो काय सांगतो, हे कळलं पाहिजे.

‘कळेल’वर बंदी असल्यामुळे मला बराच वेळ लागला. शेवटी लिहून नेलं: ‘जेवणाच्या टेबलावर, जावयाने विनोद सांगितल्यावर, मुलीला हाक न मारता, योग्य जागी हसता येईल.’

बाईंनी वाचलं. मान डोलावली. मग पेन हवेतच थांबलं.

“आणि विनोद भिकार असला तर?”

मी जावयाचा तो हळू आवाज आठवून पाहिला आणि सांगितलं की शक्यता नाकारता येत नाही.

“मग ‘किंवा न हसता येईल’ असं जोडा,” बाई म्हणाल्या. “तेही दिसतं.”